संभाजीनगरहून लंडन किती दूर? दोन शहरांमधले हवाई अंतर स्वतः काढायची रीत

छत्रपती संभाजीनगर ते लंडन हवाई अंतर किती, या प्रश्नाला ७,३२३ किलोमीटर, ७,४९२ किलोमीटर आणि ७,७१४ किलोमीटर अशी तीन उत्तरे देता येतात आणि तिन्ही बरोबर आहेत. पहिले सरळ अंतर, दुसरे मुंबईमार्गे, तिसरे दिल्लीमार्गे. प्रत्यक्षात विमान उडते तो आकडा याहून वेगळा असतो आणि रोज थोडा बदलतो. म्हणून आकडेमोड सुरू करण्याआधी आपल्याला नेमके कोणते अंतर हवे आहे ते ठरवावे लागते. ते एकदा ठरले की बाकीचे काम दहावीच्या त्रिकोणमितीत बसते. शाळेतला पृथ्वीगोल, एक धागा आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढ्यावर ते होते.

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला, जरासे वर दिसते. पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. या रेघेवरून, म्हणजे होकायंत्राची दिशा कायम ठेवून, संभाजीनगरहून न्यूयॉर्कला गेले तर सुमारे १४,३८० किमी होतात. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता मात्र १२,५७१ किमीचा आहे. फरक १,८०० किमीचा, म्हणजे विमानाच्या वेगाने दोन तासांचा.

हा जवळचा रस्ता चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, निघतो तो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून. उत्तरेपासून पश्चिमेला २५ अंश एवढाच कल. उत्तर अफगाणिस्तान, अरल समुद्राचा परिसर, रशिया, फिनलंड असे करत तो नॉर्वेच्या पुढच्या समुद्रावर साडेसहासष्ट अंश उत्तरेपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ आर्क्टिक वृत्ताला टेकतो. तिथून आइसलँडचा उत्तर भाग, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, लॅब्राडोर असा उतरत न्यूयॉर्कला पोहोचतो. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जी रेषा उमटते तिला बृहद्वृत्त म्हणतात. दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर या बृहद्वृत्ताच्या कंसावरच मोजले जाते, आणि 'हवाई अंतर' म्हणून जो आकडा छापलेला दिसतो तो हाच असतो.

अक्षांश-रेखांश विमानतळाचे घ्या

शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश आणि विमानतळाचे अक्षांश-रेखांश यांत बराच फरक असतो. टोकियोचे नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमी दूर आहे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि तोच घ्यायचा. या लेखात वापरलेले आकडे असे आहेत, सगळे अंशात, दशांश रूपात:

छत्रपती संभाजीनगर, चिकलठाणा: १९.८६३ उत्तर, ७५.३९८ पूर्व
नांदेड: १९.१८३ उत्तर, ७७.३१७ पूर्व
मुंबई, सांताक्रूझ: १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व
दिल्ली: २८.५६७ उत्तर, ७७.१०३ पूर्व
हैदराबाद, शमशाबाद: १७.२४० उत्तर, ७८.४२९ पूर्व
लंडन, हीथ्रो: ५१.४७१ उत्तर, ०.४६२ पश्चिम
न्यूयॉर्क, जेएफके: ४०.६४० उत्तर, ७३.७७९ पश्चिम
सिंगापूर, चांगी: १.३५९ उत्तर, १०३.९८९ पूर्व

विमानतळाचे अधिकृत आकडे बहुधा अंश-मिनिटे-सेकंदात दिलेले असतात. चिकलठाण्याचा अक्षांश १९ अंश ५१ मिनिटे ४६ सेकंद आहे. याचे दशांश करताना मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागायचे: १९ + ०.८५० + ०.०१३ = १९.८६३. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे '१९ अंश ५१ मिनिटे' हे सरळ १९.५१ असे लिहून टाकणे. त्याने ठिकाण तब्बल ३९ किमी दक्षिणेला सरकते, आणि उत्तर दिसायला ठीकठाक असल्याने चूक लक्षातही येत नाही.

दुसरी चूक पूर्व-पश्चिमेची. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश नेहमी ऋण चिन्हाने लिहायचे. न्यूयॉर्कचे ऋण चिन्ह विसरले तर 'न्यूयॉर्क' किर्गिझस्तानात जाऊन बसते आणि अंतर २,३०० किमीच्या आसपास येते. ही चूक निदान डोळ्यात भरते. लंडनच्या बाबतीत ती लपून राहते, कारण हीथ्रो शून्य रेखांशाला अगदी खेटून आहे. तिथे चिन्ह चुकले तर उत्तर फक्त साठ-पासष्ट किमीने कमी येते.

पृथ्वीगोल आणि धागा

आकडेमोडीआधी हे करून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुढचे गणित बरोबर आले की नाही ते पडताळायला उपयोगी पडते.

१. गोलाच्या विषुववृत्तावरून न ताणणारा धागा गुंडाळा आणि त्याची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. ४०,०७५ ला या लांबीने भागा, म्हणजे एका सेंटीमीटरला किती किलोमीटर ते कळते. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर विषुववृत्त सुमारे ९४ सेंमी भरते आणि एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी.

२. मराठवाड्यावर एक बोट ठेवा, दुसऱ्या शहरावर दुसरे. मध्ये धागा घट्ट ताणा आणि बाजूला सरकू द्या. तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन थांबतो. जबरदस्तीने अक्षांशाच्या रेघेवर धरून ठेवू नका.

३. धागा चिमटीत पकडून पट्टीवर मोजा आणि एका सेंटीमीटरच्या किलोमीटरने गुणा.

३० सेंमीच्या गोलावर संभाजीनगर-लंडन धागा १७.२ सेंमी भरायला हवा आणि न्यूयॉर्कचा २९.६ सेंमी. मोजण्यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की उत्तर शंभर किमीने हलते, एवढी तफावत गृहीत धरा. नायलॉनचा किंवा लोकरीचा धागा ताणला जातो, त्यामुळे अंतर कमी भरते. शिवणाचा सुती दोरा बरा.

धागा ताणलेलाच ठेवून आणखी एक गोष्ट बघून घ्या: आपल्या गावाहून धागा कोणत्या दिशेला निघतो. लंडनचा धागा उत्तरेपासून पश्चिमेला ४१ अंश कलून, म्हणजे जवळजवळ वायव्येला निघतो. ही दिशा पुढे फार कामाला येणार आहे.

कॅल्क्युलेटरवरचे गणित

सूत्र असे:

कोसाइन(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांशांतील फरक)

यातला 'कोन' म्हणजे दोन्ही शहरांपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत रेषा काढल्या तर त्यांच्यातला कोन. तो अंशात मिळाला की १११.१९५ ने गुणायचे, कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एका अंशाला एवढे किलोमीटर पडतात.

आता संभाजीनगर-लंडन:

रेखांशांतील फरक = ७५.३९८ − (−०.४६२) = ७५.८६० अंश. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर आकड्यांची बेरीज होते, हे ध्यानात ठेवा. बेरीज १८० च्या पुढे गेली तर ती ३६० मधून वजा करा.

साइन १९.८६३ = ०.३३९८ आणि साइन ५१.४७१ = ०.७८२३. गुणाकार ०.२६५८.
कोसाइन १९.८६३ = ०.९४०५ आणि कोसाइन ५१.४७१ = ०.६२२९. गुणाकार ०.५८५८.
कोसाइन ७५.८६० = ०.२४४३. याला ०.५८५८ ने गुणले की ०.१४३१.
बेरीज = ०.४०८९.

आता व्यस्त कोसाइन, म्हणजे कोसाइनवरून कोन काढणे. बहुतेक कॅल्क्युलेटरवर आधी शिफ्टची कळ दाबून मग कोसाइनची. मधल्या पायऱ्यांचे आकडे न तोडता कॅल्क्युलेटरच्या स्मृतीतच ठेवले तर कोन ६५.८६ अंश येतो. ६५.८६ × १११.१९५ = ७,३२३ किमी.

दुसरे शहर दक्षिण गोलार्धात असेल, उदाहरणार्थ सिडनी, तर त्याचा अक्षांश ऋण घ्यायचा. साइन ऋण येते, कोसाइन धनच राहते. बेरीज ऋण आली तरी घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे, म्हणजे अंतर दहा हजार किमीच्या पुढचे आहे. न्यूयॉर्कच्या बाबतीत बेरीज −०.३९१६ येते आणि कोन ११३.०५ अंश.

कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, असेल तर सगळेच बिघडते. खात्री करायला साइन ३० काढून बघा: ०.५ आले पाहिजे. मोबाईल आडवा धरल्यावर जो मोठा कॅल्क्युलेटर दिसतो त्यातही डिग्री-रेडियनची कळ असते. स्प्रेडशीटमध्ये मात्र साइन-कोसाइन नेहमी रेडियनच मागतात. तिथे प्रत्येक अंशाला आधी ३.१४१५९ ने गुणून १८० ने भागावे लागते, आणि शेवटी मिळणारा कोनही रेडियनमध्ये असल्याने त्याला १११.१९५ ऐवजी ६,३७१ ने गुणायचे.

जवळच्या शहरांसाठी हे सूत्र वापरू नये. संभाजीनगर-नांदेड हे जेमतेम दोन अंशांचे अंतर. इथे बेरीज ०.९९९४ च्या घरात येते, आणि चौथ्या दशांशस्थळावर एकाचा फरक पडला तरी उत्तर १९ किमीने चुकते. लंडनच्या गणितात तेवढ्याच फरकाने एक किमीही हलत नाही. जवळच्यासाठी साधे पायथागोरस पुरते. मराठवाड्याच्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश १११ किमी आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी धरा. संभाजीनगर-नांदेड: अक्षांशांतील फरक ०.६८० म्हणजे ७६ किमी, रेखांशांतील फरक १.९१९ म्हणजे २०१ किमी. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ २१५ किमी.

उत्तर पटते का ते बघा

कोणत्याही दोन ठिकाणांमधले हवाई अंतर २०,०१५ किमीपेक्षा जास्त येऊच शकत नाही. तो पृथ्वीचा अर्धा घेर झाला. मराठवाड्याच्या बरोबर उलट्या बाजूला प्रशांत महासागर आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेकडचे मोकळे पाणी. त्यामुळे एवढ्या लांबचे शहर आपल्याला नाहीच. सध्या न थांबता जाणारे सर्वांत लांबचे नियमित उड्डाण सिंगापूर-न्यूयॉर्क आहे, तेही सुमारे १५,३०० किमीचे.

गूगल मॅप्सवर अंतर मोजायची सोय आहे. मोबाईलवर एका विमानतळावर बोट दाबून धरा, खूण उमटली की अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळापर्यंत जा. रेघ वाकडी दिसेल, ते बरोबरच आहे. तिथला आकडा आणि तुमचे उत्तर यांत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहिला तर तो पृथ्वीच्या आकारामुळे असू शकतो. विषुववृत्ताशी पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७ किमी आहे. आपण तिला पूर्ण गोल धरले. हा चपटेपणा जमेस धरणारी बिनचूक रीत थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडली आणि अनेक संगणकीय साधने ती वापरतात. प्रवासाच्या कामाला गोलाचे सूत्र पुरेसे आहे.

एककांकडेही लक्ष असू द्या. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो: १.८५२ किमी. अमेरिकी संकेतस्थळांवरचा साधा मैल १.६०९ किमी. संभाजीनगर-लंडन ३,९५४ सागरी मैल किंवा ४,५५० साधे मैल होतात. आकड्यापुढे नुसते 'मैल' लिहिलेले असेल तर दोन्ही प्रकारे करून बघा, कोणता ते लगेच कळते.

मराठवाड्यातून निघताना: पहिली उडी कोणत्या दिशेला?

आपल्याकडच्या माणसाला सरळ अंतराचा उपयोग मर्यादित आहे, कारण लंडनचे विमान चिकलठाण्याहून किंवा नांदेडहून सुटत नाही. आधी मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठायचे, मग पुढे. त्या पहिल्या उडीने एकूण अंतरात किती भर पडते, हे आपल्यासाठी खरे महत्त्वाचे गणित आहे, आणि त्यासाठी एक सोपी रीत आहे.

गोलावर आपल्या गावाहून दोन धागे काढा, एक अंतिम शहराकडे आणि एक मधल्या विमानतळाकडे. दोघांमधला कोन मोजा. पहिल्या उडीच्या अंतराला (१ − कोसाइन कोन) ने गुणले की जादा अंतर मिळते. तोंडी हिशेब असा: उडी अगदी वाटेवरच असेल तर जादा काही नाही. ६० अंशांचा कोन असेल तर उडीच्या निम्मे जादा. काटकोन असेल तर पूर्ण उडीच जादा. आणि उलट दिशेला जाऊन परत यायचे असेल तर उडीच्या दुप्पट. पहिली उडी पुढच्या प्रवासाच्या मानाने लहान असताना ही रीत चांगली जमते.

संभाजीनगरहून लंडनला जाताना करून पाहू. मुंबई सुमारे २७९ किमीवर, पश्चिमेकडे जरा दक्षिणेला झुकून. लंडनच्या दिशेशी कोन ६६ अंश. जादा अंतर अंदाजे १६६ किमी. सूत्राने पूर्ण गणित केले तर २७९ + ७,२१३ = ७,४९२, म्हणजे १६९ किमी जादा. रीत बरोबर उतरली. दिल्ली ९८३ किमीवर, जवळजवळ उत्तरेला. दिल्लीहून लंडन ६,७३१ किमी, म्हणजे मुंबईहून लागते त्यापेक्षा जवळ. पण बेरीज ७,७१४ होते आणि ३९१ किमी जादा पडतात. दिल्ली लंडनला जवळ आहे म्हणून दिल्लीमार्गे जाणे जवळचे, असा समज असेल तर तो या गणितात टिकत नाही.

न्यूयॉर्कला मात्र चित्र उलटते. मुंबईमार्गे २७९ + १२,५३२ = १२,८११ किमी. दिल्लीमार्गे ९८३ + ११,७५५ = १२,७३८ किमी. न्यूयॉर्कचा धागा जवळपास उत्तरेलाच निघतो आणि दिल्ली त्याच्या फार बाजूला पडत नाही. म्हणून इथे दिल्ली ७३ किमीने सरस. फरक लहान आहे, तिकिटाचा दर आणि थांब्याचा वेळ त्यापेक्षा जास्त मोलाचे ठरतील. पण शहर बदलले की उत्तर बदलते, एवढे यातून दिसते.

नांदेडकरांसाठी हा फरक लहान राहत नाही. सिंगापूरला नांदेडहून सरळ अंतर ३,५१६ किमी. हैदराबादमार्गे २४६ + ३,३०६ = ३,५५२, म्हणजे फक्त ३६ किमी जादा. तोच प्रवास मुंबईमार्गे केला तर ४६७ + ३,९२१ = ४,३८८ किमी, जादा ८७२. पूर्वेला जायचे असताना आधी पश्चिमेला जाण्याची ही किंमत आहे. लंडनला उलटे: नांदेडहून मुंबईमार्गे ७,६८० किमी आणि हैदराबादमार्गे ७,९९९ किमी. लातूर, उदगीर, देगलूर या पट्ट्यातली मंडळी रस्त्याने हैदराबाद गाठतात, बीड-धाराशिवकडची पुण्याला जातात. त्यांनी हाच हिशेब आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन करावा. रस्त्याचे किलोमीटर मात्र वेगळे धरावेत, कारण गाडीचा एक तास म्हणजे साठ-सत्तर किमी आणि विमानाचा तास म्हणजे आठशेच्या वर.

मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. नवी मुंबईचे विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले आहे. एकाच विमानतळावर उतरून तिथूनच पुढे जाणे आणि एकावर उतरून रस्त्याने दुसऱ्यावर जाणे, यांत मुंबईची वाहतूक धरून काही तासांचा फरक पडतो. दोन वेगवेगळी तिकिटे काढलेली असतील तर हे आधी तपासा.

विमान प्रत्यक्षात किती उडते

बृहद्वृत्त हा कमीत कमी आकडा. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून जास्तच असते. उतरताना आणि निघताना ठरावीक वळणे घ्यावी लागतात, हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातात, लष्करी क्षेत्रे टाळावी लागतात, गर्दीच्या विमानतळावर घिरट्या घालाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, आपल्या कार्बन गणकात यासाठी ठोक भर घालते: ५५० किमीपेक्षा कमी अंतराला ५० किमी, ५५० ते ५,५०० किमीला १०० किमी, त्यापुढे १२५ किमी. घरगुती अंदाजाला लांबच्या प्रवासासाठी तीन ते सहा टक्के वाढवले तरी चालते.

याहून मोठा फरक पडतो तो बंद आकाशामुळे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे उतरून मग वळावे लागले. मुंबईहून निघणाऱ्यांना त्याची झळ कमी, कारण त्यांचा रस्ता बहुधा समुद्रावरूनच आखातात जातो. २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. त्यामुळे वर सांगितलेली अरल-फिनलंडची वाट कागदावर सर्वांत जवळची असली तरी प्रत्येक कंपनीला ती मोकळी नसते. दिल्लीमार्गे आणि मुंबईमार्गे यांची तुलना करताना त्या आठवड्यात कोणते आकाश बंद आहे ते बघूनच ठरवा. सत्तर किमीची आघाडी अशा फेऱ्यात सहज संपते.

वारा तर कधी संपूर्ण दिशाच बदलायला लावतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू विमान थेट उत्तर ध्रुवावरून आले, कॅप्टन झोया अगरवाल आणि सर्व महिला वैमानिकांच्या हाती. त्याच कंपनीचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान याआधी अनेकदा पॅसिफिकवरून गेले आहे: किलोमीटर जास्त, पण पाठीमागून वारा असल्याने वेळ कमी.

अंतरावरून वेळ

मोठी विमाने वर गेल्यावर ताशी सुमारे ९०० किमीने उडतात. वरच्या थरातला जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून युरोपला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून.

मुंबई-लंडन घ्या. ७,२१३ किमीवर चार टक्के भर घातली की ७,५०० किमी. सरासरी ६० किमीचा वारा समोरून असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ८४० राहतो आणि ८ तास ५६ मिनिटे लागतात. परतताना तोच वारा मागून, वेग ९६०, वेळ ७ तास ४९ मिनिटे. दोन्हींत धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी ४० मिनिटे मिळवा. जाताना साडेनऊ तासांच्या वर, येताना साडेआठ तास. हिवाळ्यात वारा जोरात असल्याने ही दरी रुंदावते.

लहान उडीला हे गणित लावू नका. संभाजीनगर-मुंबई २७९ किमी, ९०० ने भागले तर १९ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र तासाभराचा वेळ दिसतो. एवढ्याशा अंतरात विमानाला पूर्ण वेग गाठता येत नाही, आणि मुंबईच्या आकाशात रांग लागते.

तिकिटावरून वेळ काढताना दोन्ही ठिकाणची घड्याळे वेगळी आहेत हे विसरू नका. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. न्यूयॉर्क साडेदहा तास मागे आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. जानेवारीत मुंबईहून दुपारी १.३० ला निघून लंडनला संध्याकाळी ६.०० ला पोहोचणारे विमान घड्याळात साडेचार तास दाखवते. त्यात साडेपाच मिळवले की दहा तास. परतीच्या प्रवासात हाच फरक वजा करायचा.

नुकसानभरपाईसाठी कोणते अंतर धरतात

युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार तिथून सुटणारे विमान रद्द झाले किंवा फार उशिरा पोहोचले तर भरपाईचे टप्पे अंतरावर ठरतात: १,५०० किमीपर्यंत २५० युरो, आणि युरोपबाहेर जाताना ३,५०० किमीपर्यंत ४००, त्यापुढे ६००. हे अंतर बृहद्वृत्ताने, पहिल्या विमानतळापासून अंतिम विमानतळापर्यंत सरळ मोजतात. मध्ये कितीही फेरा पडला तरी तो धरत नाहीत, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणजे पॅरिस-मुंबई-संभाजीनगर असे एकाच नोंदणीचे तिकीट असेल तर हिशेब पॅरिस ते संभाजीनगर या सरळ अंतराचा. भारतात मात्र किलोमीटर बघत नाहीत. रद्द उड्डाणाच्या भरपाईची मर्यादा वेळापत्रकातल्या उड्डाणकाळावर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते. त्यामुळे देशातल्या उड्डाणाचा दावा करताना अंतराचा कागद जोडू नका, तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची छापील वेळ जोडा.